पाळकासोबत वडिलांना बसवणारा धर्मसुधारक : जॉन कॅल्व्हिन

ख्रिस्ती मंडळीचा कारभार कोणी पाहावा? उपदेश करणाऱ्या पाळकाने एकट्याने, की मंडळीतील वडिलांना सोबत घेऊन? जगातील असंख्य प्रोटेस्टंट मंडळ्यांत आज पाळक आणि वडील एकाच बैठकीत बसून निर्णय घेतात. ही पद्धत रूढ होण्यामागे सोळाव्या शतकातील एका फ्रेंच धर्मसुधारकाची दीर्घ झुंज आहे. जॉन कॅल्व्हिन हे त्याचे नाव.

कॅल्व्हिनचा जन्म १० जुलै १५०९ रोजी उत्तर फ्रान्समधील न्वायों येथे झाला. त्याचा पिता जेरार हा तेथील कॅथीड्रलच्या कायदेविषयक कामकाजात होता. पुढे चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाद होऊन त्याच्यावर बहिष्कार घालण्यात आला आणि १५३१ मध्ये त्याच अवस्थेत त्याचा मृत्यू झाला. दफनाच्या परवानगीसाठी कुटुंबाला रदबदली करावी लागली. धर्मदंडाची झळ काय असते, हे कॅल्व्हिनने असे स्वतःच्या घरातच पाहिले. ऑर्लेआँ आणि बूर्ज येथे त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. सुधारणावादी मत स्वीकारल्यावर त्याला मायदेश सोडावा लागला. १५३६ मध्ये बाझल येथे त्याचा ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी प्रवासात एका रात्रीच्या मुक्कामासाठी तो जिनिव्हात उतरला आणि गियोम फारेल या धर्मोपदेशकाच्या आग्रहामुळे तेथेच राहिला. जिनिव्हाने नुकतीच बिशपची सत्ता झुगारून दिली होती. बिशप गेला, पण त्याचे अधिकार आता कोणाचे, हा प्रश्न उरला. नगर परिषदेला ते आपल्या हाती हवे होते. प्रभुभोजनास कोणाला बसू द्यावे आणि कोणाला नाही, हे मंडळीनेच ठरवावे, असा कॅल्व्हिनचा आग्रह होता. हा वाद विकोपाला गेला. १५३८ च्या ईस्टरला कॅल्व्हिन आणि फारेल यांनी प्रभुभोजनाचा विधी करण्यास नकार दिला, तेव्हा परिषदेने दोघांनाही शहराबाहेर घालवले.

नंतरची तीन वर्षे कॅल्व्हिनने स्ट्रासबुर्ग येथे फ्रेंच निर्वासितांच्या मंडळीचा पाळक म्हणून काढली. मार्टिन बुत्सर या ज्येष्ठ सुधारकाच्या सहवासात मंडळीच्या शिस्तीविषयीचे त्याचे विचार पक्व झाले. दरम्यान जिनिव्हातील राजकारण पालटले आणि शहराने त्याला परत बोलावले. सप्टेंबर १५४१ मध्ये तो परतला, तो मंडळीच्या लेखी नियमावलीची मागणी घेऊनच. नोव्हेंबरमध्ये ती मंजूर झाली.

या नियमावलीने मंडळीत चार पदे मानली : पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक. पाळकाने वचनाचा उपदेश करावा व विधी चालवावेत. शिक्षकाने शुद्ध सिद्धांत शिकवावा. वडिलांनी लोकांच्या वर्तनावर लक्ष ठेवावे. सेवकांनी गरीब व आजारी यांची काळजी वाहावी. नव्या पाळकाच्या ज्ञानाची आणि चारित्र्याची परीक्षा आधीचे पाळक घेत. दर तीन महिन्यांनी पाळक एकमेकांचेही दोष परखडपणे दाखवीत.

वडील संख्येने बारा होते. दोन लहान परिषदेतून, चार साठ जणांच्या परिषदेतून आणि सहा दोनशे जणांच्या परिषदेतून घेतले जात. शहराच्या प्रत्येक भागावर कोणाची तरी नजर राहावी, अशा रीतीने त्यांची निवड होई. पाळक आणि वडील यांची संयुक्त सभा म्हणजे कन्सिस्टरी. ती दर गुरुवारी भरे. पती-पत्नींचे तंटे, शेजाऱ्यांची भांडणे, जुगार, प्रार्थना पाठ नसणे, असे नाना विषय तिच्यापुढे येत. कोणाही पाळकाला एकट्याच्या मर्जीने एखाद्याला मंडळीबाहेर काढता येऊ नये, ही या रचनेची जमेची बाजू होती. मात्र घराघरांत डोकावणारी ही नजर अनेकांना जाचक वाटली, हेही तितकेच खरे.

शिवाय हे वडील परिषदेचेच सभासद असल्याने अंतिम शब्द कोणाचा, हा मूळ प्रश्न सुटला नव्हता. १५५३ मध्ये कन्सिस्टरीने प्रभुभोजनास मनाई केलेल्या फिलिबेर बेर्तलिए याला परिषदेने परवानगी दिली. कॅल्व्हिनने व्यासपीठावरून ती धुडकावली. पुन्हा हद्दपारी होईल, अशीच त्याची अटकळ होती. पण बेर्तलिए विधीला आलाच नाही. याच वर्षी २७ ऑक्टोबरला मिगेल सर्व्हेटस या पाखंडी ठरवलेल्या विद्वानाला जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. शिक्षा परिषदेने दिली; तथापि आरोप आणि पुरावे कॅल्व्हिनने पुरवले होते. त्याच्या चरित्रावरील हा डाग पुसला गेलेला नाही.

१५५५ मध्ये मात्र बहिष्काराचा कन्सिस्टरीचा अधिकार मान्य झाला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत कॅल्व्हिनचे समर्थक विजयी झाले. विशेष म्हणजे ज्या शहराला त्याने घडवले, त्याचे नागरिकत्व त्याला १५५९ च्या डिसेंबरमध्ये मिळाले. तोवर तो परदेशी पाळकच होता. २७ मे १५६४ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार थडग्यावर कोणतीही खूण ठेवण्यात आली नाही.

जिनिव्हात राहून गेलेल्या जॉन नॉक्सने ही पद्धत स्कॉटलंडमध्ये नेली. तेथील १५६० च्या नियमावलीने वडिलांची निवड नगर परिषदेऐवजी मंडळीकडे सोपवली. 'प्रेस्बिटेरियन' हे नावच वडील या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. १८२९ मध्ये मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतले होते. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशपांची परंपरा आणि वडिलांची परंपरा एकत्र आल्या. ज्या जिनिव्हाने बिशपला घालवून वडिलांना बसवले, त्या शहरापासून सुरू झालेला प्रवाह महाराष्ट्राच्या भूमीवर बिशपांच्या परंपरेला येऊन मिळाला, असे म्हणता येईल.