दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : समाजकारणातून राजकारणाकडे

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचे पहिले पान अण्णासाहेब लठ्ठे यांच्या नावानेच उघडावे लागेल. धर्माचा अभ्यास, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, वृत्तपत्र आणि विधिमंडळ या चारही क्षेत्रांत त्यांनी काम केले. परंतु त्यांच्या कार्याचे खरे वैशिष्ट्य असे की, स्वतःच्या लहान समाजाचे हित त्यांनी बहुजन समाजाच्या हितापासून कधी वेगळे मानले नाही.

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म 1878 साली कुरुंदवाड येथे झाला. त्या काळी जैन समाज मुख्यतः शेती आणि व्यापार यांत गुंतलेला होता. उच्च शिक्षण घेणारे तरुण बोटांवर मोजण्याइतकेच होते. अशा परिस्थितीत अण्णासाहेबांनी एम.ए., एल्‌एल.बी. पर्यंत मजल मारली. विद्यार्थिदशेतच, 1899 साली, समविचारी मंडळींसह दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. हीच सभा पुढे दक्षिण भारत जैन सभा म्हणून नावारूपाला आली. 1905 साली त्यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. त्यांपैकी जैन बोर्डिंगची जबाबदारी अण्णासाहेबांकडे होती.

याच बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मनस्वी विद्यार्थी राहत होता. तो म्हणजे पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झालेले भाऊराव पाटील. 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर भोजनापूर्वी स्नान करावे, हा नियम पाळण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. नियमाचा आग्रह धरणारे अण्णासाहेब आणि माणुसकीचा आग्रह धरणारे भाऊराव यांच्यातील हा संघर्ष होता. काळाने त्यात भाऊरावांच्या बाजूने कौल दिला, हे मान्य केल्याने अण्णासाहेबांचे मोठेपण उणावत नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी या दोघांच्या आयुष्यात कसोटीचा प्रसंग आला. 1914 साली कोल्हापुरातील सातव्या एडवर्डच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. या प्रकरणात अण्णासाहेबांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही संधी होती. भाऊरावांनी ती नाकारली. त्यांनी छळ सोसला, पण असत्य बोलले नाहीत. सत्य हे व्रत केवळ स्वाध्यायात सांगावयाचे नसून संकटात आचरावयाचे असते, याचे याहून समर्पक उदाहरण आपल्या समाजाच्या अलीकडील इतिहासात क्वचितच सापडेल.

या प्रकरणानंतर अण्णासाहेबांना कोल्हापूर सोडावे लागले. बेळगावात त्यांनी वकिली सुरू केली आणि येथूनच त्यांच्या राजकीय जीवनाला खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला. 1917 साली भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांच्या विचारविनिमयासाठी भारतात आले. येऊ घातलेल्या सुधारणांचा लाभ केवळ मूठभर सुशिक्षितांना होईल की खेड्यांतील शेतकऱ्यालाही, हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर आला होता. तो सनदशीर मार्गाने मांडण्यासाठी डेक्कन रयत असोसिएशन पुढे आली. पुण्यातून ‘जागरूक’ पत्र चालविणारे वालचंद कोठारी आणि बेळगावचे अण्णासाहेब हे तिच्या धुरीणांपैकी होते. हे दोघेही जैन होते, ही बाब लक्षणीय आहे. संख्येने अल्प असलेल्या समाजातील या दोन सुशिक्षितांनी केवळ जैनांसाठी जागा न मागता समस्त रयतेची बाजू मांडली. 1919 च्या कायद्यानुसार मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव ठेवण्यात आल्या. मागासलेल्या समाजांच्या प्रतिनिधित्वाच्या मागणीला मिळालेले ते एक दृश्य फळ होते.

त्यानंतरच्या निवडणुकीत अण्णासाहेब मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. ब्राह्मणेतर पक्षाचे एक अभ्यासू नेते म्हणून त्यांचा लौकिक झाला. ज्या कोल्हापुरातून त्यांना जावे लागले, त्याच संस्थानाच्या अधिपतींचे, म्हणजे शाहू महाराजांचे, विस्तृत चरित्र त्यांनी महाराजांच्या निधनानंतर 1924 साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. मनात कटुता न ठेवता गुणांची नोंद करणे ही क्षमेचीच एक रीत होय. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते कोल्हापूरचे दिवाण म्हणून सन्मानाने परतले.

1937 साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. दारूबंदीचा निर्णय झाला तेव्हा सरकारचे अबकारीचे मोठे उत्पन्न बुडणार होते. ती तूट भरून काढण्याची जबाबदारी अर्थमंत्र्यांवर आली. 1939 साली शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. मुंबईत त्याचा दर दहा टक्के होता. धनिक वर्गाने त्यास कडाडून विरोध केला. ज्यांना व्यापारी समाजातूनच पाठिंबा मिळावयाचा, त्यांनी असा निर्णय राबविणे सोपे नव्हते. तरीही 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

1950 साली अण्णासाहेबांचे देहावसान झाले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी आजही त्यांच्या नावाने विद्यादानाचे कार्य करीत आहे.

पुणे शहरात समाविष्ट झालेल्या मांजरीसारख्या ठिकाणी आज अनेक जातिधर्मांची कुटुंबे शेजारीशेजारी नांदत आहेत. धर्मस्थळाची उभारणी हे समाजाचे पहिले कर्तव्य खरेच. परंतु मंदिराच्या पायरीवरून खाली उतरल्यावर शेजारच्या माणसाच्या हक्कासाठी आपण काय करतो, हा प्रश्न अण्णासाहेबांचे जीवन आपल्याला विचारते. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या प्रश्नाचे उत्तर कृतीने देणे हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.