दह्यापलीकडचा मेच्निकॉफ

परळच्या हाफकिन संस्थेवरून मी वर्षानुवर्षे बसने गेलो आहे. हाफकिन हे एका माणसाचे आडनाव, हे कॉलेजात कळले. त्या माणसालाही एक गुरू होता, हे कळायला मात्र चाळिशी उलटावी लागली. इल्या मेच्निकॉफ हे त्याचे नाव. वार्धक्याच्या अभ्यासाला १९०३ मध्ये ‘जेरंटॉलॉजी’ हे नाव दिले ते त्यानेच.

जन्म १८४५ चा, खारकॉफजवळच्या खेड्यातला. पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली तेव्हा या गृहस्थाने विष घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आणि पुढे हाच माणूस दीर्घायुष्याचा पुरस्कर्ता झाला! १८८२ मध्ये मेसिनाला त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा. या भक्षक पेशींच्या कामाबद्दल त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पॉल एर्लिखबरोबर विभागून.

म्हातारपणाबद्दल त्याचे म्हणणे असे, की मोठ्या आतड्यातले जंतू अन्न कुजवतात, ते विष रक्तात भिनते आणि भक्षक पेशी आपल्याच शरीराला कुरतडू लागतात. केसही तशाच पांढरे होतात. उपाय म्हणून बल्गेरियन शेतकऱ्यांचे दही. पॅरिसने ते उचलून धरले. (आपल्या आजीला यात नवल वाटले नसते.) मूळ सिद्धान्त त्या रूपात टिकला नाही. मग या माणसाचे काय उरते? माझ्या मते, त्याच्या हाताखाली शिकलेली पोरे.

हाफकिन ओडेसातला त्याचा विद्यार्थी. ज्यू, त्यात राजकीय चळवळीत पकडला गेलेला. मेच्निकॉफने त्याच्यासाठी रदबदली केली. १८८८ मध्ये तो स्वतः पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला आणि पुढच्याच वर्षी हाफकिनही तिथे आला. जागा मिळाली ती ग्रंथालयात, दुय्यम ग्रंथपालाची. फावल्या वेळात प्रयोग. १८९२ मध्ये पटकीची लस त्याने स्वतःला टोचून घेतली, आणि जानेवारी १८९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची. तीही आधी स्वतःलाच.

मला अधिक मोलाची वाटते ती ज्यूल बोर्देची हकिकत. हा बेल्जियन तरुण १८९४ मध्ये मेच्निकॉफच्या प्रयोगशाळेत आला. त्या काळी विज्ञानात दोन तट होते : रोगाशी पेशी लढतात म्हणणारे आणि रक्तरसातली द्रव्ये लढतात म्हणणारे. मेच्निकॉफ पहिल्या तटाचा सेनापती. बोर्देने १८९५ मध्ये दाखवले, की रक्तरसात दोन घटक मिळून जंतू मारतात; एक ५५ अंश सेल्सिअसला नष्ट होतो, दुसरा टिकतो. म्हणजे शत्रूच्या हाती दारूगोळा, तोही सेनापतीच्याच छावणीतून! मेच्निकॉफने वाद घातला, यातला एक घटक भक्षक पेशींतूनच येतो असा आग्रह धरला; पण बोर्देचे टेबल हलवले नाही. तो १९०१ पर्यंत तिथेच होता. १९१९ चे नोबेल त्यालाही मिळाले.

हे वाचताना मला माझे मार्गदर्शक आठवले. त्यांच्या मताविरुद्ध गेलेली माझी तीन महिन्यांची निरीक्षणे त्यांनी खणात टाकली. तो खण पुन्हा उघडला नाही, आणि मीही विषय बदलला. बोर्देपाशी होते ते धैर्य माझ्यात नव्हते, हेही खरेच.

आतड्यातले जंतू अपायकारक, हे गुरूचे आवडते मत. पण जंतूंवाचून प्राणी जगतो का, हे तपासायची मुभा त्याच्या भोवतालच्या माणसांना होती. पत्नी ओल्गाने बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग केले, ती नीट वाढेनात. कोहेंदीने १९१२ मध्ये कोंबडीची पिल्ले जंतूविना वाढवली, ती सुदृढ निघाली. आज आतड्यातले जंतू आणि म्हातारपणातला दाह यांवर जगभर संशोधन चालते ते वेगळ्या पुराव्यांवर. तरी प्रश्न ओळखीचा आहे.

जुलै १९१६ मध्ये, युद्ध चालू असताना, हृदयविकाराने तो गेला. वय ७१. दही खाऊनही शंभरी गाठली नाही, म्हणून हसणारे होतेच. जाण्यापूर्वी त्याने एका सहकाऱ्याला सांगून ठेवले होते, की माझे शव उघडा आणि आतडी नीट तपासा. त्याच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.