तयारीची तीन वर्षं

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला हल्ला झाला, तेव्हा हॉस्टेलमध्ये कितीतरी रात्री एकच विषय होता. एकदाचं युद्ध होऊनच जाऊ दे! राग मलाही आला होता. पण अशा चर्चेत मला एक माणूस आठवतो, ज्याला हा निर्णय खरोखर घ्यावा लागला होता. यशवंतराव चव्हाण. आपल्यापैकी अनेकांना हे नाव कोथरूडच्या नाट्यगृहामुळेच माहीत असतं.

देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्म, वडील लहानपणीच गेले, आई विठाईंनी कष्टाने वाढवलं. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. हे सगळं एमपीएससीवाल्या मित्रांना पाठ असतं, म्हणून मी पुढे जातो.

नोव्हेंबर १९६२. चीनकडून आपला पराभव झालेला, कृष्ण मेनन यांनी राजीनामा दिलेला, आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. लोकांना तेव्हा दोषी माणसं हवी होती. यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत पराभवाच्या चौकशीवर निवेदन केलं, त्यात भर दिला तो प्रशिक्षण, शस्त्रं, नेतृत्व यांतल्या उणिवांवर. मला हे फार इंजिनिअरसारखं वाटतं. मशीन बंद पडलं की आधी बिघाड शोधायचा, ऑपरेटरला शिव्या नंतर. (तो चौकशी अहवाल मात्र पूर्णपणे कधीच जाहीर केला गेला नाही, हे मला पटत नाही.)

मग सुरू झालं ते कंटाळवाणं काम. १९६४ ते १९६९ अशी संरक्षणाची पाच वर्षांची योजना, सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन्स, डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन्स. मदत मागायला ते अमेरिकेत गेले असताना मे १९६४ मध्ये नेहरू गेले. अमेरिकेने हवी ती लढाऊ विमानं दिली नाहीत, मग रशिया. आपल्या नाशिकजवळ ओझरला मिग-२१ चा कारखाना याच काळात उभा राहिला. योगायोग म्हणजे १९६३ मध्ये यशवंतराव लोकसभेवर नाशिकमधूनच बिनविरोध निवडून गेले होते.

हे सगळं अर्धवट असतानाच ऑगस्ट १९६५ उजाडला. पाकिस्तानने काश्मीरमध्ये हजारो सशस्त्र घुसखोर पाठवले. जनता उठाव करेल असा त्यांचा हिशोब होता. झालं उलटंच! घुसखोरांची पहिली खबर तिथल्या स्थानिक लोकांनीच दिली. आजही कुठे काही घडलं की सरसकट सगळ्या काश्मिरींवर जे चिडतात, त्यांनी हे वाचावं. आपल्या सैन्याने घुसखोरांचा रस्ता तोडण्यासाठी २८ ऑगस्टला हाजी पीर खिंड घेतली.

१ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये शिरले. लष्कराने विमानांची मदत मागितली. यशवंतरावांनी हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांच्याशी बोलून काही मिनिटांत परवानगी दिली. त्याच संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमानं पडली. ती जुनाट होती, पण हाताशी तीच होती. मंत्र्याच्या एका होकाराची किंमत अशी लगेच कळते. पुढे शास्त्रीजींच्या सरकारने ठरवलं की लढाई फक्त शत्रूने निवडलेल्या जागी लढायची नाही, आणि ६ सप्टेंबरला आपलं सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघालं.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजींबरोबर यशवंतरावही होते. तिथल्या करारानुसार दोन्ही सैन्यं ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतली, म्हणजे जवानांनी जिंकलेली हाजी पीरही परत गेली. करारावर सही झाली त्याच रात्री शास्त्रीजी वारले.

हाजी पीर द्यायला हवी होती का? आमच्या रूममध्ये यावर दोन तट आहेत. माझा रूममेट म्हणतो, घुसखोरीचा तो रस्ता आपण स्वतःहून उघडून दिला. मी म्हणतो, छांबचा आपला भाग पाकिस्तानकडे होता, तो या करारामुळेच तेव्हा परत मिळाला. यशवंतरावांनी त्या युद्धाच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं होतं, ते पुस्तकरूपाने २००७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी बाहेर आलं. ते आता आम्ही दोघं लायब्ररीत शोधतोय.