चित्रकथेतील तथागत

धर्मसंस्थापकाचे चरित्र लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक समाजात केव्हा ना केव्हा उभा राहतो. पंडिताचा तो अधिकार आपण निमूटपणे मान्य करतो, भक्ताचा प्रेमाने आणि इतिहासकाराचा काहीसा नाइलाजाने. परंतु मुलांच्या मासिकासाठी चित्रे काढून पोट भरणाऱ्या माणसाने या क्षेत्रात पाऊल टाकावे काय? जपानमधील ओसामू तेझुका यांनी १९७२ मध्ये गौतम बुद्धाचे चरित्र चित्रकथेच्या रूपाने सांगावयास घेतले आणि १९८३ पर्यंत ते नेटाने पुरे केले. हा केवळ बालरंजनाचा उद्योग होता असे समजणाऱ्याने तेझुका यांचे आयुष्य एकदा नजरेखालून घालावे.

३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील टोयोनाका येथे त्यांचा जन्म झाला आणि बालपण ताकाराझुका या गावी गेले. केवळ स्त्रियांनीच सर्व भूमिका करावयाच्या, अशा तेथील प्रसिद्ध संगीत नाट्यमंडळीचे प्रयोग आई त्यांना दाखवी. वडिलांनी घरी चित्रपट दाखविण्याचे यंत्र आणले होते. त्यावर चॅप्लिन आणि डिस्ने यांची चित्रे पाहण्यात हा मुलगा रमून जाई. उरलेला वेळ तो रानात किडे गोळा करण्यात घालवी. या किड्यांवर त्याचा इतका जीव की, पुढे टोपणनाव घेताना त्याने आपल्या नावाला कीटकवाचक अक्षर जोडून घेतले. क्षुद्र मानलेल्या जीवांविषयीची ही आस्था त्यांच्या बुद्धचरित्रात पानोपानी दिसते.

त्यानंतर युद्ध आले. शाळकरी मुलांनाही कारखान्यांत जुंपण्यात आले आणि तेझुका ओसाकाच्या शस्त्रनिर्मितीच्या कामावर गेले. जून १९४५ मधील अमेरिकन हवाई हल्ल्यात ते थोडक्यात बचावले. जळते शहर आणि नदीकाठी पडलेली प्रेते मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिली. सोळा वर्षांच्या मनावर उमटलेला हा ठसा कधीच पुसला गेला नाही. त्याच वर्षी त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. पुढे १९५२ मध्ये वैद्यकीय परवान्याची परीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि १९६१ मध्ये त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेटही मिळविली. पण रोगी तपासण्याचा व्यवसाय त्यांनी केला नाही. १९४६ पासूनच त्यांची चित्रे छापून येऊ लागली होती, १९४७ मधील ‘नवे रत्नद्वीप’ या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या होत्या, आणि डॉक्टर व्हावे की चित्रकार, या पेचात आईनेच त्यांना मनाला आवडेल ते करण्याची मुभा दिली होती.

पुढील वीस वर्षांत त्यांनी जपानी चित्रकथेचे रूप पालटून टाकले. चित्रपटातील कॅमेऱ्याप्रमाणे दृश्य जवळ आणणे, दूर नेणे, एकच क्षण अनेक चौकटींत लांबविणे ही तंत्रे त्यांनी कागदावर रुजविली. १९५२ मध्ये सुरू झालेला त्यांचा यंत्रबालक ‘आटोम’ घराघरांत पोहोचला आणि १ जानेवारी १९६३ पासून तो दूरचित्रवाणीवर हलताबोलता झाला. परंतु यशाच्या या शिखरावरून घसरणही तितकीच वेगाने झाली. वास्तववादी, कठोर चित्रकथा लिहिणारी नवी पिढी पुढे आली आणि तेझुका जुने झाले, असे उघड बोलले जाऊ लागले. त्यांनी स्थापन केलेली ‘मुशी प्रॉडक्शन’ ही चित्रसंस्था १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

बुद्धाची कथा या पडत्या काळात लिहिली जाऊ लागली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ती छापणारी ‘उशिओ’ ही प्रकाशनसंस्था सोका गाक्काई या निचिरेनपंथीय संघटनेशी संबंधित होती. तथापि एखाद्या पंथाचा प्रचार या चित्रकथेत शोधूनही सापडत नाही. इतकेच नव्हे, तर कथेच्या आरंभी बुद्ध जन्मालाही आलेला नसतो. आपल्याला सुरुवातीलाच भेटतो तो चाप्रा हा गुलाम मुलगा. कोसलच्या सेनापतीचे प्राण वाचवून तो त्याचा मानसपुत्र होतो, आपले कुळ लपवून योद्धा म्हणून नाव मिळवितो. पण गुलाम आईला तो टाकू शकत नाही आणि अखेर त्या मायलेकरांना मरणच पत्करावे लागते. त्याच्या जोडीला तत्ता हा अस्पृश्य पोर आहे. पशुपक्ष्यांच्या मनात शिरण्याची शक्ती त्याच्या अंगी आहे. हे दोघेही कोणत्याही पाली ग्रंथात आढळणार नाहीत. ते तेझुका यांच्या कल्पनेतून जन्मले.

राजपुत्राच्या चरित्राच्या दाराशी या दोघांना उभे करण्यात लेखकाचा हेतू स्पष्ट आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दर्शनांची पारंपरिक कथा तेझुका टाळत नाहीत. पण सिद्धार्थाला ती दर्शने घडण्यापूर्वीच दुःख म्हणजे काय ते वाचकाने पाहिलेले असते, आणि ते केवळ जरामरणाचे नसून माणसाने माणसावर लादलेल्या उच्चनीचतेचे असते.

येथे मराठी वाचकाला दोन नावे आठवल्यावाचून राहणार नाहीत. धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात चार दर्शनांच्या आख्यायिकेची ऐतिहासिकता तपासून ती नाकारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ती कथा बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्यात गृहत्यागाचे कारण शोधले. या दोघांनी विवेकाच्या मार्गाने जे केले, ते तेझुका यांनी कल्पनेच्या मार्गाने केले. मार्ग अगदी निराळे. परंतु बुद्धाला देव्हाऱ्यातून उतरवून अन्यायाने पोळलेल्या माणसांत आणावयाचे, ही ओढ सारखीच आहे.

या चित्रकथेवर आक्षेप घेता येतात आणि ते अगदीच निराधार नाहीत. तिच्यातील भारत बराचसा काल्पनिक आहे, वर्णव्यवस्थेचे चित्र ढोबळ आहे. गंभीर प्रसंगी मध्येच आधुनिक वस्तू डोकावतात, थट्टामस्करी होते, खुद्द लेखकही एखाद्या चौकटीत हजेरी लावून जातो. कोवळ्या वयाचा वाचक चाप्राला इतिहासातील माणूस समजेल, ही भीतीही खरी आहे. श्रद्धावंतांच्या भावनांचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. परंतु आपल्याकडील कीर्तनकारही उत्तररंगात आख्यान रंगविताना पुराणात नसलेले संवाद घालतो, गावातले दाखले देतो, श्रोत्यांना हसवतो. त्याने संतांचा अपमान केला असे कोणी म्हणत नाही. कारण त्याची आस्था श्रोत्यांना ठाऊक असते. तेझुका यांनाही हाच न्याय लावावयास हवा.

आस्थेची खरी कसोटी कथेच्या उत्तरार्धात लागते. तत्ता हा बुद्धाचा अनुयायी होतो, पण चाप्राच्या मृत्यूचा सल त्याच्या मनातून जात नाही. अखेरीस बुद्धाचे न ऐकता तो कोसलच्या सैन्यावर चालून जातो आणि रणांगणावर पडतो. ज्याला लहानपणापासून ओळखत होतो त्यालाही आपण वाचवू शकलो नाही, या जाणिवेने खुद्द बुद्ध हादरतो. आपला उपदेश व्यर्थ तर गेला नाही ना, या शंकेने तो खचतो. पुढे, पित्याला कैदेत टाकून झुरत मारणाऱ्या अजातशत्रूची शुश्रूषा करताना आणि त्याच्या मुखावर उमटलेले स्मित पाहताना त्याला पुन्हा वाट सापडते. युद्धात प्रेतांचे खच पाहिलेल्या, वैद्यक शिकून रुग्णालयाबाहेर राहिलेल्या माणसाने रंगविलेला हा बुद्ध आहे. तो चमत्काराने कोणाला तारत नाही. रुग्णाच्या उशाशी तो बसून राहतो.

तेझुका यांचे निधन ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, जठराच्या कर्करोगाने झाले. रुग्णशय्येवरही त्यांचा हात थांबला नव्हता. बीथोव्हेनच्या जीवनावरील चित्रकथेसह अनेक कामे अपुरी राहिली. दीड लाखाच्या आसपास पाने त्यांनी रेखाटली असे मानले जाते. त्यांच्या बुद्धचरित्राचे इंग्रजी भाषांतर २००३ पासून आठ खंडांत निघाले आणि २०११ मध्ये त्यावर चित्रपटही आला. ज्या भूमीत ही कथा घडली तेथे मात्र तिची चर्चा फारशी झाली नाही.

थोर पुरुषांच्या प्रतिमांना धक्का लागू नये म्हणून आपण अलीकडे फार दक्ष झालो आहोत. या दक्षतेत आदर आहे हे खरे, पण तिच्यामुळे नव्या पिढीच्या हाती बहुधा एक गुळगुळीत, निर्जीव चरित्र पडते, ही गोष्टही नाकारता येणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शाक्यपुत्राला एका परक्या चित्रकाराने मुलांच्या भाषेत पुन्हा बोलते केले, त्यासाठी त्याने स्वातंत्र्य घेतले, चुकाही केल्या. तशा चुका करण्याची मोकळीक आपल्याकडील लेखक-चित्रकारांना आपण देणार की नाही, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.