टिळकांची 'स्वराज्य' ही संज्ञा : १९१६ ची व्याख्याने

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांच्या राजकीय चरित्राचा एक मोठा भाग शब्दार्थाच्या वादाने व्यापलेला आहे. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कलम १२४ अ मधील 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा व्यापक अर्थ लावला व टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांचे इंग्रजी भाषांतर सदोष आहे, असे त्यांनी स्वतः न्यायालयात मांडले. परंतु सहा वर्षांची शिक्षा टळली नाही. शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार सत्तेकडे राहतो, हा धडा घेऊन १९१४ साली ते मंडालेहून परतले.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन झाली. त्यानंतर बेळगाव व अहमदनगर येथे दिलेल्या मराठी व्याख्यानांत टिळकांनी 'सरकार' या एका शब्दाची फोड केली. बादशहा हे अदृश्य सरकार, तर नोकरशाही हे दृश्य सरकार. निर्गुण ब्रह्म आणि माया या वेदान्तातील भेदाच्या आधारे, कीर्तन-प्रवचनांवर वाढलेल्या श्रोत्यांना तो सहज उमगला. राजनिष्ठा अबाधित ठेवून राज्यकारभारावर टीका करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. 'स्वराज्य' म्हणजे आपला कारभार आपल्या हाती असणे, हा मर्यादित अर्थ त्यांनी उघडपणे सांगितला. शिवकालाची स्मृती मात्र त्या शब्दात आपोआप जागी राहिली.

सरकारने या व्याख्यानांबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्याख्यानांचा समग्र आशय पाहून तो आदेश रद्द केला. टिळकांच्या बाजूने बॅ. जीना उभे होते. तेच कलम, तोच वक्ता; निकाल मात्र निराळा लागला. त्यामागे न्यायाधीशांची भिन्न दृष्टी होती, तशीच टिळकांची शब्दयोजनाही होती.

या शब्दयोजनेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कारभार ज्यांच्या हाती यावयाचा ते 'आपण' कोण, याची तितकी सूक्ष्म फोड टिळकांनी केली नाही. ब्राह्मणेतर चळवळीने नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. राजकीय भाषणातील विचारप्रणाली उच्चारलेल्या भेदांतून प्रकटते, तशीच न केलेल्या भेदांतूनही प्रकटते.