टिंडालची पेटी

आमचं घर दौंडला, आजोळ शिरूर तालुक्यात. आजोळच्या पत्र्याला एक भोक आहे. दुपारी त्यातून कवडसा पडला की धूळ नाचताना दिसते. लहानपणी वाटायचं, धूळ तेवढ्याच जागी असते. खरं तर ती घरभर असते, दिसते फक्त कवडशात.

मित्रांनो, टिंडाल इफेक्ट आपण सगळ्यांनीच मार्कांसाठी पाठ केलाय. त्यामागचा माणूस मला मात्र आत्ता कळला. जॉन टिंडाल १८२० साली आयर्लंडमध्ये साध्या घरात जन्मला. त्याने रेल्वे लाईनच्या सर्व्हेची नोकरी केली (दौंडकर म्हणून हे मला फारच आवडलं!), शाळेत शिकवलं आणि १८४८ साली साठवलेल्या पैशांवर जर्मनीला शिकायला गेला. १८५३ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रोफेसर झाला. फॅरेडे तिथेच होते.

तेव्हा वाद होता, उकळलेल्या सूपमध्ये जंतू आपोआप तयार होतात की बाहेरून येतात? टिंडालने एक पेटी बनवली, आतून ग्लिसरीन लावलं आणि काही दिवस तशीच बंद ठेवली. धूळ खाली बसली, चिकटली. मग काचेतून प्रखर झोत सोडला. झोत आत दिसेनासा झाला, म्हणजे हवेत कण उरले नव्हते! त्या हवेत उकळून ठेवलेलं सूप नासलं नाही. १८७६ साली त्याने हे जाहीर केलं.

आणि मग घोळ झाला. लॅबमध्ये वाळलेल्या गवताचा भारा आला आणि तेच प्रयोग फसू लागले. तासन्‌तास उकळूनही सगळं नासायचं. टिंडालने ते लपवलं नाही, कारण शोधलं. गवतातल्या जंतूंचे बीजाणू उकळण्यालाही दाद देत नव्हते. १८७७ साली उपाय सापडला: थोडं उकळायचं, थांबायचं, बीजाणू रुजले की पुन्हा उकळायचं. यालाच टिंडलायझेशन म्हणतात.

टिंडाल १८९३ साली गेला. १९८७ मध्ये आर्थर अ‍ॅश्किनने तर लेझरच्या झोतात जिवंत जंतूच पकडून ठेवले.

गेल्या सेमला माझ्या दोन केटी लागल्या. घरी महिनाभर सांगितलं नव्हतं. टिंडालचं हे वाचलं आणि त्याच रविवारी दौंडला जाऊन पप्पांना सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा एवढंच विचारलं.

आता रोज थोडं थोडं उकळतोय.