ताऱ्याचे अंतर मोजणारा बेसेल

इ. स. १७९९ च्या जानेवारी महिन्याच्या पहिल्या दिवशी जर्मनीतील ब्रेमेन बंदरात एका व्यापारी पेढीवर चौदा वर्षांचा एक मुलगा उमेदवार म्हणून रुजू झाला. त्याचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म बेसेल. मिंडेन गावच्या एका सामान्य सरकारी नोकराचा हा मुलगा. घरात भावंडे नऊ आणि मिळकत बेताची. शाळेतील लॅटिन भाषेचा त्याला मनस्वी कंटाळा असे. आकडेमोड मात्र त्याच्या हातची. तेव्हा वडिलांनी त्याला शाळेतून काढून व्यापारात घातले. करार सात वर्षांच्या बिनपगारी उमेदवारीचा होता.

पेढीचा व्यापार समुद्रापार चाले. मालाचे हिशेब लिहिता लिहिता बेसेलच्या मनात एक प्रश्न घोळू लागला. चहूकडे पाणीच पाणी असताना आपले जहाज नेमके कोठे आहे, हे नावाड्यांना कसे कळते? ते ताऱ्यांच्या वेधांवरून कळते, असे त्याने वाचले आणि त्याच्या जीवनाची दिशाच पालटली. दिवसभर पेढीवरचे काम उरकून तो रात्री गणित व खगोलशास्त्र यांचा अभ्यास करू लागला. हॅलेच्या धूमकेतूचे इ. स. १६०७ मध्ये घेतलेले जुने वेध त्याच्या हाती आले. त्यांवरून त्याने धूमकेतूच्या कक्षेचे गणित मांडले. ब्रेमेनमध्ये ओल्बर्स नावाचा एक डॉक्टर राहत असे. दिवसा रोग्यांना तपासावे आणि रात्री आकाश न्याहाळावे, असा त्याचा क्रम. इ. स. १८०४ मध्ये एके दिवशी बेसेलने धीर करून त्याला रस्त्यातच गाठले आणि आपले कागद पुढे केले. ते वाचून ओल्बर्स थक्क झाला व त्याने तो निबंध छापवून आणला.

इ. स. १८०६ मध्ये उमेदवारी संपत आली. पेढीवर चांगल्या पगाराची जागा समोर होती. ती सोडून बेसेलने लिलिएन्टाल येथील वेधशाळेतील तुटपुंज्या वेतनाची नोकरी पत्करली. पुढे चारच वर्षांनी प्रशियाच्या राजाने त्याला कोनिग्सबर्ग येथे नवी वेधशाळा उभारण्यासाठी बोलावले. परंतु ज्याने शाळाही पुरी केली नाही, त्याला प्राध्यापक कसे करावे? ही अडचण थोर गणिती गाउस याने दूर केली. त्याच्या शिफारशीवरून गॉटिंगेन विद्यापीठाने बेसेलला परीक्षेवाचूनच डॉक्टरची पदवी दिली. कोनिग्सबर्गची वेधशाळा इ. स. १८१३ मध्ये सुरू झाली आणि बेसेल अखेरपर्यंत तेथेच राहिला.

त्या काळी तारे किती दूर आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वस्तुतः ते काढण्याची युक्ती जुनीच होती. तुम्ही आपले बोट नाकासमोर धरा आणि आधी एक डोळा, मग दुसरा डोळा मिटून त्याकडे पाहा. मागच्या भिंतीवर बोट जागा बदलताना दिसेल. बोट जितके दूर न्याल, तितके हे सरकणे कमी होईल. यालाच पराशय म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते; तेव्हा सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले वेध म्हणजे जणू ३० कोटी किलोमीटर अंतरावरचे दोन डोळेच. असे असूनही तारे तिळभरही सरकताना दिसत नसत. त्यावरून टायको ब्राहे या थोर वेधकाराने पृथ्वी फिरतच नाही, असे मानले होते. त्याचा तर्क चुकीचा नव्हता. तारे इतके दूर असतील, हे मात्र त्याला पटण्याजोगे नव्हते.

बेसेलने निवडलेला तारा तेजस्वी नव्हता. हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाचा हा तारा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. पण इतर ताऱ्यांच्या मानाने तो आकाशात फार वेगाने जागा बदलतो. जवळून जाणारा माणूस भराभर जाताना दिसतो आणि क्षितिजावरचे गलबत स्थिर भासते. तेव्हा हा तारा आपल्या जवळचा असला पाहिजे, असे बेसेलने ताडले. त्याच्याजवळ हेलिओमीटर नावाची दुर्बीण होती. फ्राउनहोफर या कुशल कारागिराच्या कारखान्यातून ती इ. स. १८२९ मध्ये आली होती. तिचे मोठे भिंग मधोमध कापून त्याचे दोन अर्ध केलेले होते. प्रत्येक अर्ध आपापली प्रतिमा दाखवी. स्क्रू फिरवून एका ताऱ्याची प्रतिमा दुसऱ्यावर आणली, की किती फिरवावे लागले त्यावरून दोघांमधील कोन कळे. इतके सुंदर भिंग कापण्यास त्या कारागिरांचे हात कसे धजले असतील!

ऑगस्ट १८३७ पासून वर्षाहून अधिक काळ बेसेल हा तारा आणि त्याच्या जवळपासचे दोन अंधुक तारे यांमधील कोन मोजत राहिला. आकाश निरभ्र असेल त्या रात्री एकच मोजणी तो पुन्हा पुन्हा करी. अखेर इ. स. १८३८ मध्ये उत्तर हाती आले. पराशय होता सुमारे ०.३१ विकला. एका अंशाच्या ३,६०० विकला होतात. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचे सहा हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढा हा कोन!

त्यावरून अंतर निघाले ते पृथ्वी व सूर्य यांमधील अंतराच्या ६,५७,७०० पट. एवढे अंतर कोसांनी किंवा मैलांनी सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून बेसेलने प्रकाशाचे माप घेतले. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. चंद्रापासून तो सव्वा सेकंदात येतो, सूर्यापासून सुमारे सव्वाआठ मिनिटांत. या ताऱ्यापासून मात्र त्याला १०.३ वर्षे लागतात, असे बेसेलचे गणित होते. आजच्या मोजणीप्रमाणे हा काळ ११.४ वर्षे आहे. म्हणजे बेसेलने त्या रात्री जो प्रकाश पाहिला, तो ताऱ्यापासून निघाला तेव्हा ती दुर्बीण कोनिग्सबर्गला पोहोचलीही नव्हती.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी हेंडरसन याने मित्र या ताऱ्याचे वेध आधीच घेतले होते. पण त्याने आपले उत्तर इ. स. १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर मान बेसेलकडे गेला होता. लंडनच्या राजेशाही खगोल संस्थेने इ. स. १८४१ मध्ये बेसेलला सुवर्णपदक दिले. त्याच सुमारास, इ. स. १८४० मध्ये, त्याचा तरुण मुलगा वारला. हे दुःख उराशी घेऊन त्याने आपले काम चालू ठेवले. व्याधाचा तारा सरळ न जाता किंचित डोलत जातो, असे त्याला दिसून आले. त्याच्याभोवती एखादा न दिसणारा सोबती फिरत असला पाहिजे, असे त्याने इ. स. १८४४ मध्ये जाहीर केले. दोन वर्षांनी, १७ मार्च १८४६ रोजी, तो मृत्यू पावला.

व्याधाचा तो सोबती इ. स. १८६२ मध्ये अमेरिकेत एका नव्या दुर्बिणीतून प्रथम दिसला. व्याधापासून प्रकाश येण्यास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. त्या रात्री दुर्बिणीत शिरलेला प्रकाशकिरण तेथून निघाला, तेव्हाही बेसेलला जाऊन सात वर्षे होऊन गेली होती.